नलिनी मलानी

नलिनी मलानी (जन्म : १९४६, कराची) या मुंबईतील समकालीन दृश्यकलाकार आहेत. चित्रकलेबरोबरच लघुपट, भित्तिचित्रे, रंगभूमी, व्हिडिओ-मांडणशिल्प आणि अ‍ॅनिमेशन ही माध्यमे त्यांनी हाताळली असून, भारतात व्हिडिओचा कलामाध्यम म्हणून वापर करणाऱ्या आरंभीच्या कलाकारांत त्यांची गणना होते. फाळणी, धर्माच्या नावाने होणारी हिंसा आणि तिच्यात दडपला जाणारा स्त्रीचा आवाज हे त्यांच्या कामातील कायमचे विषय होत.

प्रारंभिक जीवन

फाळणीमुळे मलानी कुटुंब कराची सोडून कलकत्त्यास व पुढे मुंबईस आले. १९६४ ते १९६९ या काळात त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिक्षण घेतले. याच सुमारास भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची कार्यशाळा होती. चित्रकार, नाट्यकर्मी, नर्तक व संगीतकार तेथे एकमेकांच्या शेजारी काम करीत. त्यांच्या पुढील बहुमाध्यमी वाटचालीचे मूळ बहुधा या सहवासात शोधावे लागते. १९६९ मध्ये अकबर पदमसी यांनी सुरू केलेल्या ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’मध्ये त्यांनी ‘ड्रीम हाउसेस’ हा रंगीत अ‍ॅनिमेशनपट केला. फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसमध्ये (१९७०–७२) राहून परतल्यावर त्यांनी या पटाला मुंबईकडे पाहणाऱ्या तरुणीच्या कृष्णधवल चित्रपटाची जोड दिली. ‘यूटोपिया’ (१९६९–७६) या कृतीत नव्या नगररचनेचे स्वप्न आणि त्याबाबतचा भ्रमनिरास असे शेजारी-शेजारी दिसतात.

चौकटीबाहेर

मुंबईतील लोहार चाळीच्या परिसरात त्यांची कार्यशाळा होती व तेथील कष्टकऱ्यांचे जीवन त्यांच्या चित्रांत उतरले. मात्र चौकटीतले चित्र मोजक्यांपर्यंतच पोहोचते आणि विक्रीची वस्तू बनते, ही अडचण उरत होतीच. १९९२ मध्ये गॅलरी केमोल्डच्या भिंतींवर थेट रेखाटने करून त्यांनी ‘सिटी ऑफ डिझायर्स’ हे प्रदर्शन भरवले. नाथद्वारा येथील जुन्या भित्तिचित्रांच्या हेळसांडीचा निषेध हा त्यामागील एक हेतू होता. प्रदर्शन संपताच ही रेखाटनेही चुन्याखाली गेली. पुढच्याच वर्षी अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांच्यासह त्यांनी हायनर म्युलर यांच्या संहितेवर आधारित ‘मेडिया’ प्रकल्प केला.

१९९८ च्या पोखरण अणुचाचण्यांनंतर साकारलेले ‘रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग’ सआदत हसन मंटो यांच्या फाळणीकथेवरून सुचले. यात १२ पत्र्याच्या ट्रंकांमध्ये दूरचित्रवाणी संच ठेवलेले असून, समोरासमोरच्या भिंतींवरील दोन स्त्रिया मधले अंतर ओलांडून एकच साडी घडी करू पाहतात. ट्रंक ही निर्वासितांच्या घरातली ओळखीची वस्तू असल्याने या कृतीचा आशय समजण्यास कलेतिहासाची जाण आवश्यक ठरत नाही.

छायानाट्ये

पारदर्शक पृष्ठभागाच्या मागील बाजूने चित्र रंगवण्याचे तंत्र मलानी यांनी भूपेन खख्खर यांच्याकडून घेतले. यात नेहमीचा क्रम उलटतो : डोळे, दागिने असे बारकावे आधी आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी रंगवली जाते. अशी चित्रे असलेली पारदर्शक दंडगोले छताला टांगून फिरवली, की त्यांतून जाणाऱ्या प्रक्षेपकाच्या प्रकाशामुळे व्हिडिओ आणि चित्रांच्या सावल्या भिंतीवर एकत्र सरकतात. ‘ट्रान्सग्रेशन्स’ (२००१) व कासेल येथील १३ व्या ‘डॉक्युमेंटा’त मांडलेले ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’ (२०१२) ही या प्रकारची प्रमुख उदाहरणे होत. दुसऱ्या कृतीचे शीर्षक फैज अहमद फैज यांच्या कवितेवरून घेतले असून, तिच्यात महाश्वेता देवी यांच्या ‘द्रौपदी’ या कथेचा आणि ग्रीक पुराणकथेतील कसांड्राचा आधार आहे. कसांड्राला भविष्य दिसते, पण तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मलानी यांच्या कामात ती वारंवार येते.

अलीकडील काम

‘कॅन यू हिअर मी?’ (२०२०) या मांडणशिल्पात टॅब्लेटवर बोटाने रेखाटलेली ८८ अ‍ॅनिमेशन आहेत. जम्मू-काश्मीरमधील एका आठ वर्षांच्या मुलीवरील अत्याचार व तिची हत्या ही त्यामागील प्रेरणा होय. नॅशनल गॅलरी, लंडनच्या पहिल्या समकालीन कला अधिछात्रवृत्तीतून त्यांनी ‘माय रिअ‍ॅलिटी इज डिफरंट’ ही कृती केली. तिच्यात युरोपीय अभिजात चित्रांतील दुय्यम व्यक्तिरेखा पुढे येतात. जोआन मिरो पुरस्कार (२०१९) व कला आणि तत्त्वज्ञान विभागातील क्योटो पुरस्कार (२०२३) हे त्यांना मिळालेले प्रमुख सन्मान आहेत.