तंजावर : नियम सांभाळून जेवण, विचारपूर्वक खरेदी

दक्षिणेच्या यात्रेचा विषय निघाला की आपल्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तिकडे आपण खाणार काय?" माझ्या निवृत्तीनंतर तंजावरचा बेत ठरला, तेव्हा मारेगावातील आमच्या घरीही हाच प्रश्न निघाला. बरोबर सौभाग्यवती होती आणि माझी थोरली बहीण, ताई. ताईंचे वय चौऱ्याहत्तर. कंदमूळ वर्ज्य, तीस वर्षांपासून चौविहार, रात्रभर आंबवलेले पीठही चालत नाही. इडली-डोशाच्या प्रदेशात त्यांची उपासमार होईल, अशी भीती मला वाटत होती. ती बहुतांशी खोटी ठरली. जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांना आमचा अनुभव उपयोगी पडावा, म्हणून हा लेख.

प्रवास आणि शहर

आमच्या भागातून बल्लारशाहला जाऊन चेन्नईची गाडी धरणे सोयीचे. चेन्नईत एग्मोर स्थानकावरून रात्रीची उळवन एक्स्प्रेस कुंभकोणमवरून तंजावरला पोहोचवते. राजराज चोळाने बांधलेले आणि इ. स. १०१० मध्ये पूर्ण झालेले बृहदीश्वर मंदिर जगप्रसिद्ध आहेच. परंतु मराठी माणसाला तेथे आणखी काही भेटते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी स्थापिलेले भोसल्यांचे राज्य येथे १८५५ पर्यंत टिकले. सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास याच मंदिरात मराठीत कोरविला. इतक्या दूर आपली भाषा दगडावर वाचताना आम्ही तिघेही थबकलो. राजवाड्यातील दरबार सभागृह, चोळकालीन कांस्यमूर्तींचे दालन आणि मोडी कागदपत्रे जपणारे सरस्वती महाल ग्रंथालय यांसाठी एक पूर्ण दिवस राखावा.

भोजन : काय मागावे, काय टाळावे

तमिळनाडूत शाकाहारी भोजनालयावर 'सैवम' अशी पाटी असते. मात्र 'सैवम' म्हणजे कांदा-लसूणविरहित नव्हे. सांबारात लहान कांदे हमखास असतात, उपाहारगृहातील रस्समला बहुधा लसणाची फोडणी असते, तर पोंगल आणि उपम्यात ओले आले असते. म्हणून चार तमिळ शब्द पाठ करून जावेत : कांदा म्हणजे वेंगायम, लसूण म्हणजे पूंडू, आले म्हणजे इंजी आणि कंद म्हणजे किळंगु. त्यांपुढे 'वेंडाम', म्हणजे 'नको', एवढे म्हटले की काम भागते.

तरीही सावध राहावे. एका उपाहारगृहात आम्ही हे चारही शब्द उच्चारले. वाढप्याने मान डोलावली आणि इडलीबरोबर पिवळसर पातळ पदार्थ आणून ठेवला. सौ.ला ते आपले मुगाचे वरण वाटले. पहिला घास घेणार तोच बोटाला बटाट्याची फोड लागली. तो पदार्थ म्हणजे कडप्पा. तंजावर-कुंभकोणम भागातील हे खास तोंडीलावणे मूगडाळ, बटाटा, कांदा व लसूण घालून करतात. वाढप्याची लबाडी नव्हती. त्याला फक्त चटणी-सांबाराविषयी विचारले आहे असे वाटले. तेव्हापासून आम्ही पदार्थाचे नाव घेऊन त्यात काय आहे ते एकेक करून विचारू लागलो.

मग ताईंनी काय खाल्ले? तमिळ भोजनाचा आरंभ गरम भात, साधे तुरीचे वरण आणि तूप यांनी होतो. त्याला 'परुप्पु नेय' म्हणतात. त्याच्या जोडीला खोबरे घातलेली कच्च्या केळ्याची भाजी, उडदाचा पापड आणि शेवटी पायसम. कावेरीकाठी केळीला तोटा नाही. कच्चे केळे, केळफूल, खोडाचा गाभा या सर्वांच्या भाज्या होतात. बटाट्याची उणीव भासत नाही. दहीभाताबाबत मात्र एक सूचना. त्याच्या फोडणीत उडीद व हरभऱ्याची डाळ असते, तेव्हा द्विदलाचा नियम असणाऱ्यांनी तो टाळावा. गरम पाणी 'सुडु तण्णीर' म्हणून मागितले की मिळते. पण ते उकळलेले असेलच असे नाही. ताईंनी विजेची लहान किटली बरोबर घेतली होती. खाकरे व मेतकूटही होते, पण त्यांचा डबा निम्मा तसाच परत आला.

चौविहाराची चिंता तर तेथील रीतीनेच मिटविली. दुपारी चार-साडेचारला 'टिफिन' म्हणजे ताजा फराळ करण्याची दक्षिणेत जुनी सवय आहे. आपल्याकडे ज्या वेळी भटारखाना थंड असतो, त्या वेळी तेथे चुली पेटलेल्या असतात. जानेवारीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तोपर्यंत ताईंचे जेवण निवांतपणे आटोपलेले असे.

गोडात दोन गोष्टी चुकवू नयेत. पहिली, शहरातील बॉम्बे स्वीट्सची चंद्रकला. खव्याचे सारण भरलेली ही पाकातली करंजीच म्हणा ना. दुसरी, १३ किलोमीटरवरील तिरुवैयारूचा अशोका हलवा. हा मूगडाळ, गव्हाचे पीठ, साखर व तूप यांचा असतो. तिरुवैयारू हे संत त्यागराजांच्या समाधीचे गाव. कुंभकोणमला फिल्टर कॉफी पितळी वाटी-पेल्यातून मिळते. कुंभेश्वर मंदिराजवळील मंगलांबिका विलास हे त्यासाठी जुने नाव आहे. सांबाराचा जन्म तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात झाला, ही कथा प्रत्येक जण ऐकवतो. तिला भक्कम पुरावा नाही, पण ती ऐकताना मौज वाटते.

दर्शन

तंजावर शहरातच करंदै भागात भगवान आदिनाथांचे प्राचीन मंदिर आहे. सुमारे ४० किलोमीटरवर कुंभकोणमला भगवान चंद्रप्रभांचे, तर मन्नारगुडीला भगवान मल्लिनाथांचे मंदिर आहे. कुंभकोणमशी जैन विद्वत्तेची एक आठवण जोडलेली आहे. तेथील महाविद्यालयात शिकविणारे उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी 'जीवक चिंतामणी' हे जैन महाकाव्य संपादून १८८७ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचा अर्थ उलगडण्यासाठी ते गावातील जैन कुटुंबांकडे जात असत.

खरेदी

बँकेतील सवयीमुळे माझा पहिला सल्ला असा : गांधीजी रोडवरील राज्य शासनाच्या 'पूम्पुहार' दालनात आधी जावे. तेथे दर निश्चित असतात, पावती मिळते आणि बाजारभावाचा अंदाज येतो. घासाघीस करायची असल्यास ती नंतर बाहेर करावी. मान डोलावणारी तंजावर बाहुली नातवंडांसाठी उत्तम. आडवी पाडली तरी तळाच्या वजनामुळे ती पुन्हा उभी राहते. सोन्याचा वर्ख लावलेली तंजावर चित्रे, पितळेवर चांदी-तांब्याची उठावदार नक्षी बसविलेली तबके, भेंडासारख्या पांढऱ्या गाभ्यातून कोरलेल्या 'नेट्टी'च्या प्रतिकृती, फणसाच्या लाकडाची वीणा आणि नाचियारकोविलच्या पितळी समया, या साऱ्यांना भौगोलिक मानांकन आहे. चित्र घेताना वर्ख खऱ्या सोन्याचा आहे का हे विचारून पावतीवर लिहून घ्यावे. मृदंग व तविल ही वाद्ये चामड्याने मढविलेली असतात, हेही ध्यानात ठेवावे.

आता रेशमाविषयी. कुंभकोणमपासून सुमारे आठ किलोमीटरवर तिरुभुवनम हे विणकरांचे गाव आहे. मुलाचे लग्न ठरले होते आणि होणाऱ्या सुनेसाठी तेथील साडी घ्यायची म्हणून सौ.ने वर्षभर पैसे बाजूला टाकले होते. डाळिंबी रंगाची एक साडी तिने पसंत केली. मी पाकीट काढले. इतक्यात तिने ताईंकडे पाहिले. ताई काहीच बोलल्या नाहीत. त्या मागावरील धाग्याकडे पाहत होत्या. अखंड धागा मिळावा म्हणून कोषातील जीव उष्णतेने मारतात आणि एका साडीमागे असे काही हजार कोष लागतात, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. चार दिवस आम्ही प्रत्येक घासाची चौकशी करीत होतो. सौ. म्हणाली, "अहो, भाजीत काय आहे ते विचारायचं आणि हिच्यात काय आहे ते नाही विचारायचं, हे बरं दिसत नाही." साडी तिने घडी करून परत दिली.

विणणाऱ्या हातांचे मला वाईट वाटले. कापूस पिकविणाऱ्यांच्या तालुक्यात राहिलेल्या माणसाला माल परत ठेवला जाण्याचा अर्थ कळतो. म्हणून आम्ही कुंभकोणमला हातमागाच्या तीन सुती साड्या घेतल्या. जीव न मारता रेशीम काढण्याची पद्धतही आपल्या देशात आहे. हैदराबादचे कुसुम राजय्या यांनी ती विकसित केली. राष्ट्रपती रा. वेंकटरमण यांच्या पत्नी जानकी वेंकटरमण यांनी तशा साडीची विचारणा केल्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. मात्र 'अहिंसा रेशीम' म्हणून घेताना खात्री करून घ्यावी. साध्या नजरेला फरक कळत नाही.

त्याच संध्याकाळी होणाऱ्या सुनेला फोन केला. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "सुती असेल तर गडद रंगाची बघा, आई." लग्नात तिने माहेरचा रेशमी शालूच नेसला. आम्ही त्यावर काही बोललो नाही. नियम ज्याचा त्याने घ्यायचा असतो. आमची सुती साडी मात्र तिने दिवाळीला नेसली होती.

तंजावरसाठी तीन दिवस आणि कुंभकोणमसाठी एक दिवस राखावा. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. चार तमिळ शब्द, एक किटली आणि विचारण्याचा धीर एवढे बरोबर असले म्हणजे पुरे.

जय जिनेंद्र.