खिचड्याचे गहू : सडावे केव्हा, विकावे केव्हा

मी कापडाचा व्यापारी. गव्हावर मी काय लिहिणार, असे कोणी म्हणेल. परंतु मोहरम किंवा रमजान जवळ आला की परभणीच्या बाजारात गिऱ्हाईक खिचड्याच्या गव्हाचे तयार पाकीट शोधत फिरते, आणि बहुतेक वेळा ते पाकीट बाहेरगावचे असते. जायकवाडीचा डावा कालवा आपल्या जिल्ह्यात आल्यापासून इकडेही गहू पिकतो. गहू दारात, आणि सडण्याची मजुरी मात्र बाहेर जाते. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर घेतला आहे.

गहू म्हटले की आपल्याला पीठ आठवते. पण अख्ख्या गव्हाला स्वतःचे गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे खिचडा आणि हलीम, हिंदू बांधवांकडे गव्हाची खीर. सोलापूर-कोल्हापूरकडे हीच खीर खपली गव्हाची करतात व तिला हुग्गी म्हणतात. उन्हाळ्यात कुरडईसाठी दोन्हीकडे गहू भिजतात, मात्र तो गहू सडावा लागत नाही. आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे हैदराबादची चव आपल्याला परकी नाही. त्याच हैदराबादच्या हलीमला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले. एका पदार्थावर केवढा बाजार उभा राहतो, याचे हे उदाहरण होय.

आता माल समजून घेऊ. गव्हाच्या दाण्यात कोंडा साधारण 14 टक्के, अंकुर 2 ते 3 टक्के आणि बाकीचा पिठूळ भाग. कोंडा कडक असतो. तो असेपर्यंत दाणा कितीही शिजवा, एकजीव होत नाही. सडणे म्हणजे हा कोंडा काढणे. गहू निवडून, चाळून घ्यावा. त्यावर पाण्याचा हबका मारून अर्धा तास ओल्या फडक्याखाली झाकावा. कोंडा नरम पडला की उखळात हलक्या हाताने कुटावा, सुपाने पाखडावा आणि कडक उन्हात वाळवावा. माल जास्त असेल तर यंत्रावर सडून घ्यावा. शिजवण्याआधी रात्रभर भिजवावा, हे गिऱ्हाईकाला सांगून द्यावे. बन्सी गव्हाचा दाणा कडक असतो, त्याला शिजायला वेळ अधिक लागतो, हेही सांगावे. खरे सांगून विकलेल्या मालात बरकत असते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अख्ख्या दाण्याला कोंड्याचे कवच असते, म्हणून तो कोरड्या जागी वर्षभर टिकतो. कवच गेले की अंकुरातल्या तेलाला हवा लागते आणि माल खवट होऊ लागतो. मराठीत सडणे या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिल्या अर्थाचा माल घाईने भरला तर दुसऱ्या अर्थाचा व्हायला वेळ लागत नाही.

हे मी पैसे घालवून शिकलो. काही वर्षांपूर्वी कापडाला उठाव नव्हता. घरच्या बायकांच्या मदतीने 50 किलो गहू सडून घेतला. आभाळ आले होते. धाकट्या भावाची बायको म्हणाली, "भाईसाब, दाणा अजून नरम आहे, एक ऊन आणखी दाखवा." मला बाजार गाठायचा होता. मी प्लास्टिकच्या पिशव्या बंद केल्या. पंधरा दिवसांत कुबट वास सुटला, पाकिटे परत आली. ज्याचे त्याला पैसे दिले, माफी मागितली. कसूर माझाच होता. वाळलेला दाणा दाताखाली कट्कन मोडला पाहिजे, एवढी साधी परीक्षा मी घेतली नव्हती.

हिशेबातही अशीच चूक होते. कोरे कापड धुतल्यावर आटते, तसा गहू सडल्यावर घटतो. समजा गहू 30 रुपये किलोने 10 किलो घेतला. कोंडा आणि तूट जाऊन साडेआठ किलो राहिला, तर 300 रुपयांना साडेआठ किलो, म्हणजे किलोला सुमारे 35 रुपये 30 पैसे पडले. मजुरी, पिशवी आणि भाडे यावर धरावे. ज्याने 30 रुपयांवर नफा धरला, त्याने घरच्यांची मेहनत फुकट विकली. फुटलेला दाणा लापशीला आणि कोंडा जनावरांना जातो, तो पैसा वेगळा लिहावा.

आता हंगाम. नवा गहू मार्चच्या सुमारास येतो, पण आपले महिने दरवर्षी 10-11 दिवस मागे सरकतात. चांदाच्या हिशेबाने 2030 साली रमजान दोनदा लागेल, जानेवारीच्या सुरुवातीला आणि डिसेंबरच्या अखेरीस. त्या वेळी विकायचा गहू मार्च-एप्रिलमध्येच घेऊन ठेवावा लागेल. तेव्हा साठवायचा तो अख्खा, उन्हात वाळवून, जमिनीपासून उंच फळीवर. सडायचा तो विक्रीच्या तोंडावर, जेवढी मागणी तेवढाच.

पाकीट विकायचे तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी, वजन व तारीख छापावी. बंद, छापील पाकिटातील धान्यावर 18 जुलै 2022 पासून जीएसटी लागू झाला आहे, त्याबद्दल आपल्या कर सल्लागाराला आधी विचारावे.

या कामाला मोठे भांडवल लागत नाही. एक पोते गहू, उखळ, सूप, ऊन आणि सबर. ज्या घरात शिलाई किंवा विणकाम बारा महिने चालत नाही, त्या घराने पहिल्या वर्षी दहाच किलोवर हात बसवून पाहावा. शेजाऱ्याने दुसऱ्यांदा मागितला, तर धंदा जमला असे समजावे.