खांद्याला मानवेल तीच रायफल

शूटिंग रेंजवर एक साधी परीक्षा घेतात. रायफल तुमच्या खांद्याला असते. प्रशिक्षक कधी खरं काडतूस भरतात, कधी डमी. कुठलं, ते सांगत नाहीत. तुम्ही ट्रिगर दाबता. नुसताच 'टक्' आवाज होतो. गोळी सुटलेलीच नाही, पण नळीचं टोक मात्र खाली गेलंय आणि डोळे मिटलेत!

हे दचकणं म्हणजेच 'फ्लिंच'. धक्का बसायच्या आधीच शरीर घाबरतं आणि नेम तिथेच चुकतो. ही सवय लागते पटकन, सुटता सुटत नाही. म्हणून पहिली रायफल निवडताना 'पॉवर किती?' हे नंतर विचारा. आधी विचारा, 'धक्का किती?'

गणित तुमच्या फिजिक्सचंच आहे. गोळी पुढे, रायफल मागे, मोमेंटम सारखा. एनसीसीत असाल तर पॉइंट टू-टू रायफल तुमच्या ओळखीची असेल. तिची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण ३३० मीटर. धक्का जाणवतो न जाणवतो. अमेरिकेत हरणाच्या शिकारीला थर्टी-ऑट-सिक्स हे काडतूस सर्रास वापरतात. त्याची गोळी ११-१२ ग्रॅमची आणि वेग जवळपास अडीचपट. खांदा शेकून निघतो! म्हणून तिथले जाणते शिकारी नवख्याच्या हाती टू-फोर्टीथ्री विंचेस्टर देतात. धक्का साधारण निम्मा. दचकून मारलेल्या मोठ्या गोळीने जनावर जखमी होऊन तडफडण्यापेक्षा लहान गोळी नेमकी बसलेली बरी, हा त्यामागचा विचार.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला. आपला नेम कागदी टार्गेटवर. पण नियम तोच. सुरुवात १० मीटर एअर रायफलने करा. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, धक्का नावापुरता आणि दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा! मग पॉइंट टू-टू. ही 'लहान मुलांची' रायफल वाटते? कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं, ते याच काडतुसावर.

विकत घ्यायची घाई नको. आधी क्लबची रायफल प्रशिक्षकांसमोर वापरून बघा. रिकाम्या रायफलचा दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवा. बोट ट्रिगरपर्यंत सहज पोचलं, तर लांबी साधारण जमली. नेम धरताना दस्ता आणि खांदा यांत फट ठेवू नका, नाहीतर हलका धक्काही ठोसा होतो. फार हलकी रायफलही नको. वजन कमी तेवढा धक्का जास्त. आणि इअरमफ लावाच, कारण आवाजानेही माणूस दचकतो.

वीस गोळ्या झाल्यावर एकविसावी मारावीशी वाटली, तर रायफल तुम्हाला मानवली म्हणायची.