कुसळ आणि मुसळ

पावसाळा सरला कीं मुंबईच्या उपनगरांतील दिंडोशीच्या टेकडीवर गवत पिवळें पडतें आणि त्याचीं कुसळें वाटसरूच्या वस्त्रांना चिकटतात. कुसळ इतकें बारीक कीं टोचल्यावांचून दिसत नाहीं. मुसळ तर भात कांडण्याचें, चांगलें पुरुषभर लांब. या दोन वस्तूंची जोडी मराठी बायबलांत एकत्र आली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायांत, भावाच्या डोळ्यांतील कुसळ टिपणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांतील मुसळाचें भान कसें नाहीं, अशी पृच्छा येशू ख्रिस्तानें केली आहे. मूळ ग्रीकांत घराची तुळई आहे. भाषांतरकारांनीं मुसळ घेतलें, आणि तें चपखल बसलें. ज्या घरांत बायबल कधीं उघडलेलें नाहीं तेथेंही हा दाखला ऐकूं येतो.

मात्र ऐकूं येतो तो बहुधा उलट्या कामासाठीं. कोणी चूक दाखविली कीं हा दाखला त्याच्या तोंडावर फेकावयाचा आणि त्याला गप्प करावयाचें. म्हणजे मुसळ नेहमीं समोरच्याच्याच डोळ्यांत! श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं ख्रिस्ताचें बोलणें तेथें संपत नाहीं. आधीं आपलें मुसळ निघालें म्हणजे भावाचें कुसळ काढण्याइतकी दृष्टि स्वच्छ होईल, असें तो पुढें सांगतो. कुसळ तसेंच राहूं द्यावें असा हा उपदेश नव्हे. डोळ्यांत गेलेलें कुसळ खुपतेंच. तें कोणीतरी काढलेंच पाहिजे. पण ज्याला स्वतःलाच दिसत नाहीं, त्याच्या हातीं आपला डोळा कोण देईल?

त्याच दिंडोशीस आज दिवाणी व सत्र न्यायालय आहे. आरोपीची बाजू ऐकल्यावांचून त्याला दोषी ठरवूं नये, आणि ज्या दाव्यांत न्यायाधीशाचा स्वतःचा हितसंबंध असेल तो त्यानें चालवूं नये, हे तेथले नियम. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे निवाडे घराघरांतून रोज होतात. तेथें आरोपी गैरहजर, आणि न्यायाधीशाचा हितसंबंध विचारतो कोण?

जुन्या करारांतील दावीद राजानें उरीयाच्या पत्नीचा अभिलाष धरला आणि उरीयाला लढाईंत मरणाच्या तोंडीं दिलें. मग नाथान संदेष्ट्यानें त्याला एक हकीगत ऐकविली: कळपांचा धनी असलेल्या एका श्रीमंतानें पाहुण्यासाठीं गरिबाची एकुलती एक मेंढी मारली. राजा संतापला आणि त्या श्रीमंताला मरणास पात्र ठरवून मोकळा झाला. तो मनुष्य म्हणजे राजा स्वतःच, हें नाथानानें मग उघड केलें. निवाडा चुकीचा नव्हता. दाविदाची न्यायबुद्धि शाबूत होती. ती फक्त स्वतःपर्यंत पोहोंचली नव्हती.

महाराष्ट्रांत या संबंधांत लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. १८९५ सालीं कवि नारायण वामन टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढें परतल्या आणि स्वतःही ख्रिस्ती झाल्या. १९३४ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या त्यांच्या 'स्मृतिचित्रें'त दुःख देणाऱ्यांवर फिर्याद थोडी, आणि स्वतःच्या सोवळ्याओवळ्याचें हसें पुष्कळ. म्हणूनच पतीच्या तापट स्वभावाविषयीं त्यांनीं लिहिलेलें कोणाला चहाडी वाटत नाहीं.

कॅथॉलिक चर्चमध्यें मिस्साच्या आरंभीं म्हणावयाची पश्चात्तापाची एक प्रार्थना आहे. धर्मगुरूसह सारे जण छातीवर हात मारून आपला अपराध कबूल करतात. त्या कबुलींत 'आम्हीं' नाहीं, 'मीं' आहे. शेजाऱ्यांना तींत स्थान आहे तें एवढ्यापुरतेंच, कीं त्यांच्यापाशींही ही कबुली द्यावी आणि त्यांनीं आपल्यासाठीं देवाकडे रदबदली करावी.