काचेपलीकडचे कान

कार्टूनचं डबिंग चालू असतं तेव्हा बूथमध्ये नट बहुधा एकटाच असतो. समोर पडदा, कानात हेडफोन, हेडफोनमध्ये मूळ भाषेतला आवाज. ज्याच्याशी भांडायचं तो सहकलाकार सकाळीच काम आटपून गेलेला, नाहीतर परवा येणार. सगळी गोष्ट सलग डोक्यात असते ती काचेपलीकडे टॉकबॅकवर, म्हणजे बूथमध्ये बोलायच्या माइकवर, बसलेल्या व्हॉइस डिरेक्टरच्या. हाक शेजारच्याला मारायची की दरीपलीकडच्याला, मागच्या प्रसंगात आवाज कुठवर चढला होता, हे नटाला तिथूनच कळतं.

समजा, पडद्यावरचा मुलगा ओरडतो आणि ओठ घट्ट मिटतो. संहितेत वाक्य आहे, ‘थांब, पूल तुटतोय!’ अर्थ बरोबर, लांबीही बसते. पण तोंड मिटल्यावरही ‘तोय’ ऐकू येत राहतं. दिग्दर्शक वाक्य फिरवतो: ‘पूल तुटतोय, थांब!’ ‘ब’वर ओठ जुळले. मग श्वासाकडे लक्ष. धावत आलेल्या मुलाचं वाक्य एका दमात कसं निघेल? पुन्हा टेक. हे जमलं तर प्रेक्षकाला काही जाणवतही नाही, म्हणूनच या कामाचं कौतुक कमी होतं आणि ते मला खटकतं.

मूळ अ‍ॅनिमेशनमध्ये क्रम उलटा. तिथे बहुतेकदा आवाज आधी, चित्र नंतर. 1992 साली आलेल्या ‘बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सिरीज’च्या व्हॉइस डिरेक्टर अँड्रिया रोमानो नटांना शक्यतो एकत्र बसवून रेकॉर्डिंग करत. केविन कॉनरॉयचा बॅटमॅन आणि मार्क हॅमिलचा जोकर एकमेकांच्या आवाजावर तापत गेले, ते त्या खोलीमुळे.

आपल्याकडे दूरदर्शनवरच्या ‘जंगल बुक’मधला शेरखान आठवा. चित्रं जपानी, पण दरारा नाना पाटेकरांचा. योग्य पात्रासाठी योग्य गळा निवडला की निम्मं दिग्दर्शन तिथेच होतं. हा धंदा मुंबईत रुजला. लीला रॉय घोष यांच्या साउंड अँड व्हिजन इंडिया या डबिंग कंपनीची धुरा पुढे त्यांची मुलगी मोना घोष शेट्टी यांनी घेतली. ‘ओम शांती ओम’मध्ये दीपिका पदुकोणला आवाज मोना यांचाच. आधी स्वतः माइकसमोर उभं राहायचं, मग काचेपलीकडे जाऊन बसायचं, अशीच या क्षेत्रातली पुष्कळांची वाट.

ही वाट नागपुरातून का निघू नये? इथल्या मिहान प्रकल्पात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आले. आयआयएम आणि एम्सही तिथेच. मग डबिंग का येऊ नये? त्याला तर मोठी यंत्रंही लागत नाहीत. नीट ध्वनिरोधक केलेली खोली, चांगला माइक, वेगवान जोडणी आणि तयार कान एवढ्यावर काम सुरू होतं. कानांची तयारी तर इथे घराघरांत होते. नागपूरचं पोर वर्गात प्रमाण मराठी, मैदानावर हिंदी आणि भावाशी ‘काहून बे, काय करून राह्यला?’ असं एकाच दिवसात बोलतं. आकाशवाणीचं नागपूर केंद्र 1948 पासून आवाज घडवतंय. वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टी रंगभूमीवरचे नट रात्रभर मंडप आवाजावर धरून ठेवतात. माइकपुढे मात्र त्यांना तोच जोर पोटात ठेवून कुजबुजायला शिकवावं लागेल, आणि ते शिकवणारा दिग्दर्शक त्यांची बोली जाणणाराच हवा. अस्वल, हडळ, गावचा पाटील, सगळे पुणेरी का बोलावेत? एखाद्या कार्टूनमधला वाघ ताडोब्याचा असेल, तर त्याच्या तोंडी इथली बोली आली पाहिजे, आणि तीही केवळ हसवण्यापुरती नको.