गगनबावडा : आपल्या जिल्ह्यातला सर्वांत कमी वस्तीचा तालुका शिकवताना

"सर, पाऊस गगनबावड्यात पडतो, मग पाणी आमच्या कुंभार गल्लीत कसं येतं?"

सहावीच्या वर्गात 'ग्रामीण स्थानिक शासनसंस्था' हा पाठ चालू असताना आलेला हा प्रश्न. पाठ नागरिकशास्त्राचा आणि प्रश्न भूगोलाचा! पण शाहूपुरीतल्या मुलांना तो पडणारच. जुलै महिना आला की आपल्याकडे घरोघरी दोन आकडे विचारले जातात. एक, राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी (३९ फूट इशारा, ४३ फूट धोका) आणि दुसरा, गगनबावड्याचा पाऊस. २०१९ आणि २०२१ चा पूर मुलांच्या घरात अजून बोलला जातो. त्या दिवशी पाठ बाजूला ठेवला आणि तास गगनबावड्यावर घेतला. त्यातून 'जिल्हा' हा विषय मुलांना जास्त चांगला कळला असं वाटलं, म्हणून ती मांडणी शिक्षक-पालकांसाठी इथे देत आहे.

पाणी कसं येतं?

कोल्हापूरपासून गगनबावडा साधारण ५५ किलोमीटर, सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर. तिथून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट खाली सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वैभववाडी तालुक्यात उतरतात. अरबी समुद्रावरून आलेले ढग या कड्याला अडतात. त्यामुळे वर्षाचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो, तर त्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात तो पाचशे-सहाशेच्या आसपास असतो. जिल्हा एकच, पण पश्चिमेला आणि पूर्वेला पावसात एवढा फरक!

हे पाणी कुंभी नदीत येतं. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती यांचं पाणी एकत्र येऊन प्रयाग चिखलीपासून पंचगंगा होते. (पाचवी सरस्वती, ती गुप्त मानतात.) पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी नदीत जात नाही, उलट मागे सरकतं आणि आपल्या गल्लीत शिरतं. फळ्यावर एक आडवी रेघ मारून डावीकडे गगनबावडा आणि उजवीकडे शाहूपुरी लिहिलं की मुलांना हे लगेच समजतं.

थोडा इतिहास

गावामागचा गगनगड हा शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधला असं मानतात. घाटवाटेवर नजर ठेवायला ही जागा फार मोक्याची. आज बहुतेक लोक तिथे गगनगिरी महाराजांच्या मठात जातात. जवळच्या पळसंबे गावात ओढ्यातल्या अखंड दगडात कोरलेली छोटी मंदिरं आहेत. शाळेच्या सहलीला उत्तम ठिकाण.

पुढे बावडा ही पंत अमात्यांची जहागीर झाली. या घराण्याचे मूळ पुरुष रामचंद्रपंत अमात्य. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानातले, आणि राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा इथला कारभार सांभाळणारे 'हुकूमतपनाह'. 'आज्ञापत्र' हा राज्यकारभारावरचा प्रसिद्ध ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. त्यातला एक विचार मुलांना जरूर सांगावा : सरकारला लाकूड हवं असलं तरी रयतेची आंब्या-फणसाची झाडं जबरदस्तीने तोडू नयेत, मालकाला राजी करून, मोबदला देऊनच घ्यावीत. तीनशे वर्षांपूर्वी, १७१५ च्या सुमाराला, एक कारभारी हे लिहून ठेवतो!

बावडा ही कोल्हापूर संस्थानच्या अधिपत्याखालची जहागीर. वसुली आणि न्यायनिवाड्याचे काही अधिकार जहागीरदाराकडे असत. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, जिल्हा तयार झाला. बावडा आधी 'महाल' म्हणजे तालुक्याहून लहान विभाग होता. आज जिल्ह्यात बारा तालुके आहेत आणि गगनबावडा त्यातला एक.

दोन जिने

आता नागरिकशास्त्र. मुलं इथे हमखास गोंधळतात : "कलेक्टर मोठा की जिल्हा परिषदेचा अध्यक्ष?" मी फळ्यावर दोन जिने काढतो.

पहिला नेमलेल्यांचा जिना : तलाठी, मंडल अधिकारी, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी. यांना सरकार नेमतं. सातबारा, जमीन महसूल, पुरात लोकांना हलवणं, नुकसानीचे पंचनामे ही कामं यांच्याकडे.

दुसरा निवडलेल्यांचा जिना : ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. यांना आपण मत देतो. गावरस्ते, पाणी, दवाखाना आणि आपली जिल्हा परिषदेची शाळा यांच्याकडे. ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा १९६१ चा. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात ही त्रिस्तरीय रचना सुरू झाली. या जिन्यावरही ग्रामसेवक, गटविकास अधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी हे नेमलेले लोक असतातच, पण ठराव करण्याचा हक्क निवडून आलेल्यांचा.

शाहूपुरीत महानगरपालिका आहे, म्हणून आपल्या मुलांना हा दुसरा जिना रोज दिसत नाही. गगनबावडा तालुक्यात एकही नगरपालिका नाही. तिथे सगळा कारभार याच जिन्यावरून चालतो.

हजारात नऊ

२०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१. करवीर तालुका १०,३७,७१३. हातकणंगले ८,०७,७५१. आणि गगनबावडा ३५,७७२. म्हणजे जिल्ह्यात हजार माणसं धरली तर त्यातली फक्त नऊ गगनबावड्याची. हे गणित मुलांकडूनच करून घ्यावं.

ही माणसं कोण? भात आणि नाचणी पिकवणारे शेतकरी. धरणं-तलाव झाल्यापासून ऊस लावणारे. डोंगरावरच्या धनगरवाड्यांवर म्हशी राखणारे गवळी धनगर. मुंबईला कामाला गेलेली आणि गणपतीला घरी येणारी तरुण मुलं. लखमापूरला कुंभी धरण आहे, वेसरफ-पळसंबेला साखर कारखाना आहे. आपली शाहूपुरी १८९५ मध्ये शाहू महाराजांनी व्यापारपेठ म्हणून वसवली, गुळासाठी नावाजली. पश्चिमेच्या पाण्यावर आणि उसावर आपलीही पेठ उभी आहे, हे मुलांना सांगायला विसरू नये.

मत मोजताना मात्र डोकी मोजली जातात. २०१७ च्या निवडणुकीत आपल्या जिल्हा परिषदेचे ६७ सदस्य होते. त्यात गगनबावड्याचे दोन : तिसंगी आणि असळज गटाचे. एका गटात पंचायत समितीचे दोन गण, म्हणून पंचायत समितीत चार सदस्य. आमदारकीला हा तालुका करवीर मतदारसंघात मोडतो. म्हणजे जिल्ह्याच्या सभागृहात ६७ पैकी दोन हात वर होणार. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि प्रशासक आले. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला आणि तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही. त्या काळात तेही दोन हात नव्हते. दुसरा जिना होता, पण वरच्या पायऱ्या रिकाम्या.

याचा शाळेशी काय संबंध?

फार जवळचा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या राज्यातल्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. वाडीवस्तीवर मुलंच कमी, म्हणून पट कमी. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. राज्यात अशा १४ हजारांहून अधिक शाळा असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. कमी पटाच्या शाळेत मुलांना सोबती मिळत नाहीत, एक-दोन शिक्षकांवर सगळे वर्ग येतात, हे खरंच आहे. ते नाकारून चालणार नाही. पण सपाटीवरचे तीन किलोमीटर आणि ओढा, चढ, धुकं आणि चार महिन्यांचा पाऊस असलेले तीन किलोमीटर सारखे नसतात. कागदावर अंतर मोजलं जातं, चढ मोजला जात नाही. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. सक्ती करायची तर शाळा पोराच्या पावलाच्या टप्प्यात हवी, हे त्यात आलंच.

दुसरीकडे काय करतात?

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. पूर्व आफ्रिकेतल्या केनिया देशाने २०१० च्या राज्यघटनेने ४७ 'काउंटी' केल्या, साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या. तिथे काउंटीचा प्रमुख, म्हणजे गव्हर्नर, लोक मत देऊन निवडतात. आपला जिल्हाधिकारी मात्र नेमलेला असतो. सर्वांत कमी वस्तीची काउंटी लामू, २०१९ मध्ये लोकसंख्या १,४३,९२०. तिलाही स्वतःचा गव्हर्नर आणि स्वतःची विधानसभा आहे. आणि काउंट्यांना पैसा वाटताना लोकसंख्येबरोबर गरिबी आणि क्षेत्रफळही धरतात, शिवाय काही वाटा सगळ्यांना सारखा. तिथे सगळं सुरळीत आहे असं नाही. पण वाटप करताना डोक्यांशिवाय आणखी काय मोजावं, हा प्रश्न त्यांनी कायद्यात घेतला. आपल्या मुलांनी तोच प्रश्न विचारायला हरकत नाही.

वर्गात आणि घरी करून पाहा

१. पावसाळ्यात आठवडाभर गगनबावड्याचा पाऊस आणि पंचगंगेची पातळी वहीत लिहा. पाऊस वाढल्यावर किती वेळाने पातळी वाढते ते बघा.

२. बारा तालुक्यांच्या लोकसंख्येचा स्तंभालेख काढा. गगनबावड्याचा स्तंभ काढताना पेन्सिलीचं टोक किती बारीक करावं लागतं, ते मुलांना आपोआप कळेल.

३. 'वर्गातली जिल्हा परिषद' भरवा. एक मूल गगनबावड्याचं, बाकी इतर तालुक्यांची. विषय : एका वाडीची शाळा बंद करायची का? एकट्या मुलाला पूर्ण पाच मिनिटं बोलू द्या, मग मत घ्या.

४. पालकांसाठी : शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. गावाकडे घर असेल तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या सुमाराला होणाऱ्या ग्रामसभेला मुलाला एकदा सोबत न्या.

आमच्या वर्गात तिसरा उपक्रम झाला तेव्हा ठराव बहुमताने मंजूर झाला, शाळा बंद! पण गगनबावड्याची सदस्य झालेली मुलगी खाली बसेना. म्हणाली, "सर, मग पावसाळ्यात सोडायला कोण येणार, तेपण ठरावात लिहा." वर्गाने पुन्हा चर्चा करायला लावली. तास संपला, ठराव अजून लिहायचा राहिला आहे.