जुन्या गाडीचे स्टिअरिंग कुरकुरते तेव्हा...

रविवारची सकाळ. ठाण्याचे एक कुटुंब लग्नाला नाशिकला निघाले आहे. गाडी सासऱ्यांनी निवृत्तीच्या वेळी हौसेने घेतलेली, आता सतरा वर्षांची. कसारा घाटातल्या पहिल्याच मोठ्या वळणावर पुढच्या बाजूने ‘खट्’ असा आवाज येतो.

‘‘अहो, ऐकलंत का?’’ पत्नी विचारते.

‘‘जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच. मागच्याच महिन्यात अलाइनमेंट केलंय,’’ असे म्हणून पती गाण्यांचा आवाज वाढवतो.

पुढच्या वळणावर पुन्हा ‘खट्’. या वेळी पती काही बोलत नाही, पण त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट होतात. मागे सासूबाई आणि दोन मुले गाढ झोपेत आहेत.

हा प्रसंग कोणत्याही घरातला असू शकतो. ‘जुनी गाडी आवाज करणारच’ हे आपल्याकडचे ठरलेले वाक्य आहे. ते अर्धे खरेही आहे. पंधरा वर्षांची गाडी नव्यासारखी मुकाट चालत नाही. मात्र स्टिअरिंगच्या बाजूने येणारा नवा आवाज हा म्हातारपणाची कुरकुर नसून बहुधा एखाद्या ठराविक भागाची तक्रार असते. तो भाग कोणता, हे आवाजच सांगतो. आवाज कसा आहे यापेक्षाही तो केव्हा येतो, याकडे लक्ष दिले तर काही शे रुपयांत मिटणारे काम हजारोंच्या घरात जात नाही आणि घाटात जीव टांगणीलाही लागत नाही.

हातापासून चाकापर्यंत

आपण स्टिअरिंग फिरवतो तेव्हा त्याच्याखालचा दांडा फिरतो. दांडा खाली जिथे वळण घेतो तिथे एक सांधा असतो. गॅरेजमध्ये त्याला ‘क्रॉस’ म्हणतात. दांड्याच्या टोकाला पिनियन हे लहान दातेरी चाक असते आणि ते रॅक नावाच्या दातेरी पट्टीला डावीउजवीकडे सरकवते. रॅकच्या दोन्ही टोकांना टाय रॉड असतात. ‘टाय रॉड एंड’ या गोळीच्या सांध्याने ते पुढच्या चाकांना जोडलेले असतात.

फियाट-पद्मिनीच्या पिढीत रॅकऐवजी स्टिअरिंग बॉक्स असे. त्या गाड्यांत ठरलेल्या दिवशी ग्रीस भरणे हा घरच्या वेळापत्रकाचाच भाग होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि रॅक-पिनियन व पुढच्या चाकांना ताकद देणारे इंजिन ही जोडी घरोघर पोहोचली. पुढे बहुतेक लहान गाड्यांनी हीच रचना घेतली. तिचे सांधे रबरी टोप्यांत बंद असतात, त्यांना वरचेवर ग्रीस लागत नाही. त्यामुळे एक तोटाही झाला. त्यांच्याकडे कोणी पाहतच नाही.

खरे दुखणे तिथेच सुरू होते. ऊन, तेल आणि वयाने रबर तडकते. पहिल्या पावसात चिखलाचे पाणी आत शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि गोळी कोरडी घासू लागते. खड्डे उरलेले काम करतात.

आधी वहीत नोंद

गॅरेजमध्ये ‘पुढून काहीतरी वाजतंय’ एवढेच सांगितले, तर मेकॅनिकलाही अंदाजाने भाग बदलावे लागतात. त्याऐवजी दोन-तीन दिवस पुढील प्रश्नांची उत्तरे टिपून ठेवा.

आवाज गाडी उभी असताना येतो की फक्त चालताना? स्टिअरिंग डावीकडे वळवल्यावर, उजवीकडे, की दोन्हीकडे? खड्ड्यात येतो की गुळगुळीत रस्त्यावरही? वेग वाढला की आवाजाची गती वाढते का? ब्रेकवर हलका पाय ठेवल्यावर तो बदलतो का? सकाळी गाडी थंड असताना जास्त येतो का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आवाजाबरोबर हाताला काही धक्का किंवा सैलपणा जाणवतो का?

ही नोंद शेजारी बसणाऱ्याने ठेवणे उत्तम. चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावरच हवे.

आवाज ओळखा

वळताना ‘टक् टक् टक्’ : गाडी चालती ठेवून स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ठेक्यात टकटक येत असेल आणि वेगाबरोबर ठेका वाढत असेल, तर पुढच्या चाकाला ताकद पोहोचवणारा एक्सलचा जॉइंट झिजलेला असण्याची शक्यता मोठी. बहुधा वळणाच्या बाहेरच्या बाजूचा जॉइंट वाजतो, म्हणजे डावीकडे वळताना उजवा. रबरी टोपी नुकतीच फाटली असेल तर टोपी आणि ग्रीस बदलून भागते. टकटक सुरू झाल्यावर मात्र बहुतेक वेळा जॉइंटच बदलावा लागतो.

खड्ड्यात ‘खट् खट्’ : येथे संशयित बरेच आहेत. त्यांत सर्वांत स्वस्त म्हणजे लिंक रॉड. गाडी वळणावर कलू नये म्हणून पुढे एक आडवी सळई असते, तिला जोडणारा हा लहान दांडा. तो ओळखण्याची एक युक्ती आहे. गतिरोधकावरून दोन्ही पुढची चाके एकाच वेळी सावकाश न्या, नंतर गाडी जरा तिरपी करून एकेक चाक न्या. तिरपे जाताना आवाज येतो आणि सरळ जाताना जवळजवळ नाहीसा होतो, तर लिंक रॉड किंवा त्या सळईचे रबर आधी तपासावे. हा आवाज त्रासदायक असतो, पण स्टिअरिंगच्या पकडीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

त्याच ‘खट्’बरोबर स्टिअरिंगमध्ये सैलपणा जाणवत असेल, सरळ रस्त्यावर गाडी भटकत असेल किंवा टायर एका कडेने झिजत असेल, तर मात्र टाय रॉड एंड आणि लोअर आर्मचा बॉल जॉइंट यांच्याकडे बोट जाते. हे सांधे सुटले तर चाक चालकाच्या हुकमात राहत नाही. येथे ‘पुढच्या पगाराला बघू’ चालत नाही.

उभ्या गाडीत ‘करकर’ किंवा ‘टंग’ : जागच्या जागी स्टिअरिंग फिरवताना कुरकुर येते, किंवा स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा ‘टंग’ होतो, तेव्हा शॉकअॅब्सॉर्बरच्या वरचे माउंटिंग आणि त्यातले बेअरिंग तपासावे. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नसेल तर हा संशय बळावतो. कोरडा पडलेला बॉल जॉइंटही असाच कुरकुरतो.

‘घूंऽऽ’ आणि ‘चींऽऽ’ : हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत वळवताना घुमल्यासारखा आवाज येऊन तो इंजिनच्या गतीबरोबर चढत असेल, तर आधी तेलाची पातळी पाहा. तेल कमी आहे किंवा त्यात हवा शिरून फेस आला आहे, तर पंप रडणारच. तीक्ष्ण ‘चीं’ बहुतेक वेळा सैल किंवा गुळगुळीत झालेल्या पट्ट्याची असते. स्टिअरिंग अगदी टोकापर्यंत नेल्यावर येणारा बारीक फुसफुस आवाज मात्र साधारण मानावा. तिथे चाक काही सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये, पंपावर ताण येतो.

विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगमध्ये तेल नसते, मोटर असते. मोटरचा बारीक गुणगुणाट दोष नव्हे. खडबडीत रस्त्यावर दांड्यातून ‘खडखड’ येत असेल, स्टिअरिंग अचानक जड होत असेल किंवा समोरच्या पॅनेलवर त्याचा दिवा लागत असेल, तर तपासणी हवी.

वेगाबरोबर ‘घरघर’ : ही बहुधा चाकाच्या बेअरिंगची भाषा. लांब वळण घेताना गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो. म्हणून उजवीकडे वळताना घरघर वाढली तर डाव्या चाकाचे बेअरिंग आणि डावीकडे वळताना वाढली तर उजव्याचे, असा साधा आडाखा बांधता येतो. टायर वेडेवाकडे झिजले तरी असाच आवाज येतो, म्हणून टायरवरून हात फिरवून पाहायला विसरू नका. अर्थात गाडी उभी करून.

स्टिअरिंगच्या आतून ‘सळसळ’ : एअरबॅग असलेल्या गाडीत चाकाच्या मागे तारेची गुंडाळी असते. ती घासू लागली की कागद सरकल्यासारखा आवाज येतो. पुढे हॉर्न बंद पडतो, एअरबॅगचा दिवा लागतो. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. एअरबॅगच्या गाडीचे स्टिअरिंग घरी उघडणे धोक्याचे आहे.

घरच्या घरी चार तपासण्या

एक. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा. एकाने स्टिअरिंग दोन बोटांएवढे डावीउजवीकडे हलवावे, दुसऱ्याने बाजूला उभे राहून चाकाजवळ कान द्यावा. चाक न हलता ‘खट्’ होत असेल तर मध्ये कुठे तरी सैलपणा आहे. आवाज पायाजवळून येत असेल तर दांड्याचा क्रॉस, चाकापाशी येत असेल तर टाय रॉड एंड पाहायला सांगा.

दोन. इंजिन सुरू करून उभ्या गाडीत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश न्या. कुठे अडकते का, कुठे उडी मारते का, पाहा. या वेळी स्प्रिंगच्या वेढ्यांत बोटे घालू नयेत.

तीन. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी कमी वेगात आधी डावीकडे, मग उजवीकडे गोल चक्कर मारा. काचा खाली असू द्या. एक्सलची टकटक येथे लपत नाही.

चार. पुढची चाके पूर्ण वळवून टॉर्चच्या उजेडात मागच्या बाजूने रबरी टोप्या पाहा. टोपी फाटलेली असेल आणि आसपास काळे ग्रीस उडालेले दिसले, तर दुखणे सापडले समजा. बोनेट उघडून तेलाची पातळी आणि पट्टाही पाहून घ्या, अर्थात इंजिन बंद असताना. तेल कमी असेल तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच घाला. पॉवर स्टिअरिंगमध्ये चुकूनही ब्रेक ऑइल घालू नये, त्याने आतील सील खराब होतात.

याच्या पुढचे काम गॅरेजचे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. मेकॅनिक गाडी नीट टेकूवर घेतो, चाक दोन्ही कडांना आडवे धरून हलवतो, मग वर-खाली धरून हलवतो. आडव्या हालचालीत सैलपणा आला तर टाय रॉडकडे, उभ्या हालचालीत आला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंगकडे लक्ष जाते. हे तो करीत असताना शेजारी उभे राहा आणि ‘नेमका प्ले कुठे आहे, ते दाखवा’ असे मोकळेपणाने म्हणा. चांगला मेकॅनिक त्यावर रागावत नाही. सैलपणा दाखवल्याशिवाय ‘रॅकच बदलावा लागेल’ असे कोणी सांगितले, तर दुसरीकडे विचारावे. रॅक हा महागडा भाग आहे आणि त्याच्यावर आळ येतो तेव्हा अनेकदा दोषी एखादा लहान सांधा किंवा रबरी बुश असतो.

अलाइनमेंटबद्दलही एक गैरसमज आहे. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणे. त्याने सैल सांधा घट्ट होत नाही. उलट सांधा सैल असताना केलेले अलाइनमेंट टिकत नाही. म्हणून आधी सांधा बदलावा, मग अलाइनमेंट करावे.

तेव्हा गाडी हलवू नका

काही लक्षणे दिसली की गाडी चालवत गॅरेजमध्ये नेण्याचा मोहही टाळावा. स्टिअरिंगचा सैलपणा एकाएकी वाढणे, स्टिअरिंग एखाद्या जागी अडकणे, अचानक जड होणे, ‘खट्’ होऊन गाडीची दिशा बदलणे, किंवा घरघरीबरोबर चाक थरथरणे. अशा वेळी गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि उचलून न्यायची व्यवस्था करा. तो खर्च जास्त वाटला, तरी त्याची तुलना दुरुस्तीच्या बिलाशी करू नये.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे योग्यता तपासणी होऊन ती ५ वर्षांसाठी नवी करून मिळते. अनेक जण त्या तपासणीपुरतीच गाडी नीट करून घेतात. रबरी टोपी मात्र तारीख पाहून फाटत नाही. जुन्या गाडीच्या पुढच्या भागाची तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, करून घेतलेली बरी.

ठाण्याच्या त्या कुटुंबाचे काय झाले? लग्न लागले, पंगती उठल्या. परतण्याआधी पत्नीने हट्टच धरला, तेव्हा पती गाडी जवळच्या गॅरेजमध्ये घेऊन गेला. वयस्क मेकॅनिकने पहिलाच प्रश्न केला, ‘‘आवाज केव्हा येतो?’’ पतीला नीट सांगता येईना. पत्नी म्हणाली, ‘‘डावीकडे वळताना येतो, उजवीकडे नाही. गुळगुळीत रस्त्यावरही येतो. आणि येताना यांच्या हाताला झटका बसतो.’’

मेकॅनिकने गाडी वर घेतली, उजवे चाक दोन्ही हातांनी आडवे धरले आणि हलवले. खट्. टाय रॉड एंडची टोपी फाटलेली होती, गोळी कोरडी होऊन खुळखुळत होती. तासाभरात नवा भाग बसला, अलाइनमेंटही झाले.

परतीच्या वाटेवर कसारा घाटात सासूबाई जाग्या होत्या. ‘‘आज गाणी नाही लावलीस?’’ त्यांनी विचारले.

‘‘घाट उतरू दे, आई,’’ मुलगा म्हणाला. ‘‘जरा ऐकतोय.’’